एडिसनने परत नोकरी धरली होती, हे फॉरवर्डमध्ये नसतं

पत्र: "नमस्कार. वय 34, इलेक्ट्रॉनिक्सचा डिग्रीवाला. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि वयस्कर लोकांसाठी गोळ्यांची ऑटोमॅटिक डबी बनवतोय. ठरलेल्या वेळी ती वाजते, त्या वेळचा कप्पा आपोआप उघडतो, गोळी उचलली नाही तर मुलाच्या मोबाइलवर मेसेज जातो. आत्तापर्यंत नऊ मॉडेल झाली, प्रत्येकात काही ना काही राहतंच. सेव्हिंग संपत आलंय, घर बायकोच्या पगारावर चाललंय. ती विचारते, अजून किती दिवस? मी म्हणतो, एडिसन दहा हजार वेळा फेल झाला होता, त्याने सोडलं असतं तर आपण आज अंधारात बसलो असतो. आयडिया चोरीला जाईल म्हणून बाहेर कुणाला दाखवलेली नाही. पेटंट आधी करू का? आणि मुख्य प्रश्न, चिकाटी धरू की सोडून देऊ? - एक ध्येयवेडा"

ध्येयवेडे, नमस्कार.

तुमच्या पत्रात एडिसनचं नाव इतक्या वेळा आलंय (मी वर छोटं करून दिलंय, मूळ पत्रात अजून तीनदा आहे) की मला वाटतं आधी त्याच्याबद्दलच बोलावं, कारण तुम्ही वहिनींना उत्तर द्यायला ज्या माणसाला पुढे करताय तो खरा कसा वागायचा ते तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. आपल्याकडे एडिसन फॉरवर्डमधून येतो. शाळेने दिलेली चिठ्ठी आईने खोटी वाचून दाखवली, मग मोठेपणी कपाटात ती सापडली आणि तो रडला, ही स्टोरी तुमच्याकडेही आलीच असेल. ती बनवलेली आहे. मास्तर आपल्याला बिनडोक म्हणाला हे त्या पोराने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, त्यानेच घरी येऊन सांगितलं, आई शाळेत जाऊन भांडली आणि मग तिने त्याला घरी शिकवलं. मला तर ही खरी गोष्टच जास्त आवडते, पण ती ऐकून डोळ्यांत पाणी येत नाही म्हणून कुणी फॉरवर्ड करत नाही, असो.

आता ते दहा हजार. बल्बचा आणि त्या आकड्याचा संबंध नाही. ही गोष्ट वॉल्टर मॅलरी नावाच्या त्याच्या जुन्या सहकाऱ्याने सांगितलेली आहे आणि ती बॅटरीची आहे, 1900 च्या सुमाराची. एडिसनला शिशाऐवजी निकेल आणि लोखंडाची बॅटरी करायची होती. मॅलरी लॅबमध्ये गेला तर तीनेक फूट रुंद आणि बारा-पंधरा फूट लांब टेबल, त्यावर शेकडो छोटे छोटे टेस्ट सेल मांडलेले, आणि एडिसन तिथे बसून एकेक तपासतोय, आकडेमोड करतोय. तोवर नऊ हजारांच्या वर प्रयोग झालेले आणि हाती काही नाही. मॅलरीला वाईट वाटलं, तो म्हणाला एवढं करून काहीच रिझल्ट नाही हो. त्यावर एडिसन झटकन वळून हसत म्हणाला की रिझल्ट भरपूर मिळालेत, कितीतरी हजार गोष्टी चालत नाहीत हे मला आता माहितीये.

हे वाक्य तुम्ही भिंतीवर लावलं असेल तर लावा, चांगलंय. पण मॅलरीने सांगितलेली एक गोष्ट कोणी लावत नाही, ते सेल एडिसनच्या केमिस्ट लोकांनी बनवून ठेवलेले होते. अख्खी टीम होती आणि पाच महिने आठवड्याचे सातही दिवस काम चाललेलं. आणि एक प्रयोग म्हणजे एक छोटा प्रश्न, हे मिश्रण चालतं का, हो की नाही, लिहून ठेव, पुढचा. तुमची नऊ मॉडेल तशी आहेत का हे मला पत्रावरून कळत नाही. तुम्ही लिहिलंय "प्रत्येकात काही ना काही राहतंच". काय राहतं? सहाव्यात काय राहिलं आणि सातव्यात ते सुटलं का, हे तुम्हाला वही उघडून दाखवता येतं का? एडिसनच्या लॅबच्या वह्या साडेतीन हजारांच्या आसपास आहेत, नुसत्या वह्या, आणि त्यात न जमलेलंच जास्त आहे. लिहिलेलं नसेल तर नऊ मॉडेल म्हणजे दोन वर्षांचा थकवा, त्याला अनुभव म्हणता येणार नाही, हे जरा कडक वाटेल पण मला असंच वाटतं.

आणि त्या बॅटरीचं पुढे काय झालं तेही ऐका. ती बाजारात आली, लोकांनी विकत घेऊन गाड्यांना लावली आणि मग गळायला लागली, ताकद कमी व्हायला लागली. एडिसनने प्रॉडक्शन थांबवलं, खराब माल परत घेतला आणि पुन्हा लॅबमध्ये जाऊन बसला. नवीन बॅटरी आली 1909 मध्ये, ती खरंच दणकट होती, पण तोपर्यंत पेट्रोलच्या गाड्या स्वस्त व्हायला लागल्या होत्या, फोर्डची मॉडेल टी 1908 चीच. म्हणजे ज्या इलेक्ट्रिक गाडीसाठी एवढी उठाठेव केली ती गाडीच हळूहळू रस्त्यावरून गेली. बॅटरी मात्र चालली, रेल्वेच्या सिग्नलला, खाणकामगारांच्या दिव्यांना. यातून चिकाटीचं काय घ्यायचं ते घ्या, पण मला यात दुसरंच दिसतं. नऊ हजार प्रयोगांत जे कळलं नाही ते गिऱ्हाइकाच्या गाडीत बॅटरी हादरे खात फिरल्यावर कळलं. आणि तुमची डबी दोन वर्षं टेबलावरून उतरलेली नाही.

"अंधारात बसलो असतो" हेही खरं नाही बरं का. विजेचा दिवा एडिसनच्या आधीही लोक करत होते, इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान त्याच कामाला लागलेला होता, तो दिवा कुणीतरी केलाच असता. एडिसनने वेगळं काय केलं ते बघा, कारण हा भाग तुमच्या कामाचा आहे आणि शाळेच्या पुस्तकात तो दोन ओळींत उरकतात.

त्याने सुरुवात काचेच्या गोळ्यापासून केलीच नाही, त्याने सुरुवात केली गॅसच्या बिलापासून. तेव्हा शहरात घरांत गॅसचे दिवे होते, मग माझा दिवा त्या भावात पडला पाहिजे नाहीतर कुणी घेणार नाही, हे आधी ठरलं. मग हिशोब मांडला, वीज घरोघरी न्यायची तर तांब्याच्या तारा लागणार, आणि जास्त करंट न्यायचा तर जाड तार, जाड तार म्हणजे एवढं तांबं की धंदाच बसला. म्हणजे करंट कमी हवा. कमी करंटमध्ये तेवढाच उजेड हवा तर दिव्याच्या आतल्या तारेचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) जास्त हवा, म्हणजे ती बारीक आणि लांब हवी. हे गणित करायला त्याने फ्रान्सिस अप्टन नावाचा, कॉलेजात रीतसर गणित-फिजिक्स शिकलेला माणूस ठेवला होता, कारण त्याचं स्वतःचं गणित बेताचं. आणि हे सगळं कळल्यावर मग तो प्रसिद्ध शोध सुरू झाला, कशाची तार, कशाची तार. ऑक्टोबर 1879 मध्ये शिवणाच्या सुती दोऱ्याचा कोळसा करून लावला तो साडेतेरा तासांच्या आसपास टिकला, पुढे बांबूच्या तंतूवर हजाराच्या वर तास गेले. आणि 4 सप्टेंबर 1882 ला न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटचं वीजघर सुरू झालं तेव्हा नुसता बल्ब नव्हता, जनरेटर, जमिनीखालच्या तारा, फ्यूज, मीटर, सगळं होतं.

आता तुमच्या डबीचं तांबं कोणतं ते सांगा. म्हणजे अशी कोणती एक गोष्ट आहे की ती परवडली नाही किंवा जमली नाही तर बाकी सगळं कितीही भारी असलं तरी उपयोग नाही? मला लांबून बघून जे वाटतं ते सांगतो, तुम्ही खोडून काढा. एक म्हणजे डबी भरणार कोण? कप्पा आपोआप उघडतो हे छान, पण आठवड्याच्या गोळ्या पाकिटातून फोडून बरोबर कप्प्यात टाकायच्या कुणी, ज्या आजोबांना सकाळची गोळी आठवत नाही त्यांनीच? काही गोळ्या तर पाकिटातून काढून ठेवायच्याच नसतात, दमट होतात. दुसरं म्हणजे तो आवाज. हे छोटे बझर उंच, चिरक्या सुरात टीं टीं करतात आणि वयानुसार ऐकू कमी येतं ते नेमके असे उंच सुराचे आवाज आधी जातात. तुम्हाला टेबलावर खणखणीत ऐकू येतंय म्हणून तुम्ही खूश, आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांना टीव्ही चालू असताना कळणारही नाही. (एडिसन स्वतः लहानपणापासून कमी ऐकायचा, फोनोग्राफ, म्हणजे आवाज रेकॉर्ड करून ऐकवणारं त्याचं मशीन, ऐकताना लाकडात दात रोवून बसायचा म्हणजे कंप हाडातून जाईल. त्याला तुमचा बझर दाखवला असता तर पहिल्या मिनिटात फेकून दिला असता.) तिसरं, मुलाच्या मोबाइलवर रोज तीन मेसेज आले तर तो दहाव्या दिवशी म्यूट करेल. हे मी घरबसल्या सुचवतोय, खरी यादी यापेक्षा वेगळीच निघेल, पण ती दहाव्या मॉडेलमधून निघणार नाही.

आता नोकरीबद्दल, जे ऐकायला तुम्हाला आवडणार नाही.

एडिसननेही नोकरी सोडली होती. जानेवारी 1869, वय 21, बोस्टनमध्ये टेलिग्राफ ऑपरेटर होता, आता पूर्ण वेळ शोधच लावणार असं जाहीर केलं त्याने. आणि त्याचं पहिलं पेटंट आलं मतं मोजायच्या मशीनचं, 1 जून 1869. सभागृहात प्रत्येकाच्या टेबलावर हो-नाहीचं बटण, दाबलं की मुख्य टेबलावर नावासकट नोंद, झटपट मोजणी. मशीन एकदम बरोबर चालत होतं हं, त्यात काही राहिलं नव्हतं. ते वॉशिंग्टनला अमेरिकेच्या संसदेत दाखवलं तर तिथल्या कमिटीच्या अध्यक्षाने सांगितलं की बाबा रे, आम्हाला जगात नको असलेली वस्तू कुठली असेल तर ही. मतदान हळू चालतं म्हणून तर अल्पमतातल्यांना वेळ काढता येतो, एखादं बिल अडवता येतं, आणि तू ते झटपट करून देतोस. एडिसन पुढे स्वतः सांगायचा की तेव्हापासून जे लोकांना नकोय त्याच्या मागे लागायचं नाही असं मी ठरवलं. आठवं-नववं मॉडेल केलं नाही त्याने त्या मशीनचं. सोडलं. चिकाटीचा एवढा मोठा देव, त्याने पहिलंच पेटंट सोडून दिलं आणि मागे वळून बघितलं नाही.

आणि मग काय केलं? न्यूयॉर्कला गेला, खिशात पैसे नाहीत, डोक्यावर उधारी, सोन्याचे भाव तारेने कळवणारी एक कंपनी होती तिच्या बॅटरीच्या खोलीत झोपायचा. एक दिवस तिथलं मुख्य मशीन बंद पडलं, गोंधळ उडाला, याने ते दुरुस्त करून दिलं आणि तिथेच नोकरीला लागला. जानेवारीत नोकरी सोडली आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात परत धरली. त्यानंतरची काही वर्षं तो काय करत होता, तर टेलिग्राफ कंपन्यांना जे हवं होतं ते बनवून देत होता, पैसे घेऊन. ती प्रसिद्ध मेनलो पार्कची लॅब 1876 ची, म्हणजे सात वर्षांनी, आणि बल्बच्या वेळी तर मागे एक कंपनी आणि मॉर्गन बँकेच्या भागीदारांसारखी पैसेवाली माणसं होती. बायकोच्या पगारावर त्याने बल्ब केलेला नाही.

म्हणून मी म्हणतो, नोकरी बघा. पूर्ण वेळ नको वाटत असेल तर अर्धवेळ, कॉन्ट्रॅक्टवर सर्किट डिझाइनची कामं घ्या, दवाखान्यातली मशीन बनवणाऱ्या एखाद्या कंपनीत मिळालं तर सोन्याहून पिवळं कारण तिथे वयस्कर पेशंट कसे वागतात ते पगार घेऊन शिकाल. यात हरल्यासारखं वाटायचं काहीच कारण नाही. डबी थांबत नाही, तिच्यावरचा ताण कमी होतो. सेव्हिंग संपत आल्यावर माणूस घाईघाईत चुकीच्या ठिकाणी चिकाटी दाखवतो.

चुकीच्या चिकाटीचंही उदाहरण एडिसनच आहे, म्हणून मला हा माणूस आवडतो, एकाच माणसात दोन्ही सापडतं. न्यू जर्सीत ऑग्डेन्सबर्गला त्याने 1890 च्या दशकात हलक्या प्रतीचं लोहखनिज दळून चुंबकाने लोखंड वेगळं करायचा अवाढव्य कारखाना घातला. कित्येक टनांचे दगड फोडणारे रोलर, सगळं स्वतः डिझाइन केलेलं. बरं, मशीन सुधारत गेलं, पण तिकडे मिनेसोटात मेसाबीच्या टेकड्यांत उत्तम खनिज जमिनीलगत सापडलं आणि भाव एवढे पडले की याचं लोखंड कुणी घेईना, तरी हा मशीन सुधारतच राहिला. वीस लाख डॉलरच्या वर पैसे गेले, बराचसा त्याचा स्वतःचा. नंतर दळायची तीच विद्या त्याने सिमेंटच्या कारखान्यात वापरली, अगदीच मातीत गेलं नाही. पण एक लक्षात घ्या, तो तोवर श्रीमंत होता, त्याला वीस लाखांचा धडा परवडला. तसाच हट्ट त्याने डीसी करंटचा (एकाच दिशेने वाहणारी वीज) धरला, एसी करंटवाल्यांच्या (दिशा बदलत वाहणारी वीज) विरोधात नाही नाही ते केलं, आणि हरला. तेव्हा "एडिसनने सोडलं नाही" हे वाक्य पूर्ण करताना कुठली गोष्ट, आणि मग काय झालं, हे दोन्ही विचारायचं.

वहिनींबद्दल. इथे एडिसनचा आदर्श अजिबात घेऊ नका. पहिली बायको मेरी, सोळाव्या वर्षी लग्न झालेली, नवरा रात्र रात्र लॅबमध्ये, ती 1884 मध्ये तरुणपणीच गेली. पहिल्या संसारातल्या मुलांशीही त्याचं धड जमलं नाही, थोरल्या मुलाने बापाचं नाव वापरून भलतीसलती औषधं विकायला दिली तर बापाने त्याला नाव न वापरायचे पैसे लावून दिले. ही माणसं फॉरवर्डमध्ये नसतात. वहिनी "किती दिवस" विचारताहेत तर त्यांना एडिसन सांगू नका, तारीख सांगा. आणि तारखेबरोबर हेही सांगा की त्या तारखेला काय झालेलं असेल तर पुढे जायचं आणि काय झालेलं नसेल तर थांबायचं. उदाहरणार्थ, अमुक तारखेपर्यंत पाच अनोळखी घरांत डबी सलग सहा आठवडे वापरली गेली आणि त्यातल्या तिघांनी पैसे देऊन ठेवून घेतली तर चालू, नाहीतर बंद. आकडे तुमचे तुम्ही आणि वहिनी बसून ठरवा, त्या पगार देताहेत म्हणजे तुमच्या पहिल्या इन्व्हेस्टर आहेत, त्यांना हिशोब मागायचा हक्क आहे.

अनोळखी घरं म्हणतोय ते मुद्दाम. आपली आई "छान आहे रे" म्हणणार आणि गुपचूप जुन्या डब्यातून गोळ्या घेणार. नववं मॉडेल जसं आहे तसं द्या, दहावं करत बसू नका. डबी कशी वापरायची ते समजावून सांगायला तिथे थांबू नका, नुसतं ठेवा आणि नंतर जाऊन बघा काय झालंय. कुणी बझरवर चिकटपट्टी लावली असेल, कुणी त्यात बिस्किटं ठेवली असतील. ते सगळं वहीत लिहा, तारखेसकट. फोनोग्राफ 1877 मध्ये झाला तेव्हा एडिसनच्या डोक्यात ऑफिसमधली पत्रं सांगून लिहून घेणं होतं, गाणी ऐकायला लोक त्यावर पडतील हे त्याने ठरवलेलं नव्हतं, ते लोकांनी ठरवलं. आणि मध्ये जवळजवळ दहा वर्षं त्याने तो फोनोग्राफ बाजूला ठेवलेला होता, बल्बच्या नादात. तरी काही बिघडलं नाही, परत हातात घेतला तेव्हा अजून चांगला झाला. तुमची डबी सहा महिने नोकरीमुळे मागे पडली तर तिलाही काही होत नाही.

राहिला पेटंटचा प्रश्न. एडिसनच्या नावावर अमेरिकेत 1,093 पेटंट आहेत, तरी बल्बच्या पेटंटचं काय झालं बघा, मिळालं जानेवारी 1880 ला, आणि नक्कल करणाऱ्यांशी कोर्टात भांडून निकाल लागेपर्यंत 1891-92 उजाडलं, 1894 मध्ये पेटंटची मुदतच संपली. तेव्हा पेटंट म्हणजे कुलूप लावलं असं समजू नका, ते भांडायचा कागद आहे आणि भांडायला पैसे लागतात. पण एक व्यवहाराची गोष्ट आहे, वस्तू उघडपणे लोकांना दाखवली की बऱ्याच देशांत नंतर पेटंट मिळायला अडचण येते, म्हणून घरोघरी द्यायच्या आधी एखाद्या पेटंट वकिलाला गाठून तात्पुरता अर्ज टाकता येतो का विचारा, तो पूर्ण अर्जापेक्षा खूप स्वस्त पडतो आणि पुढे पूर्ण अर्ज करायला साधारण वर्षभर मिळतं. ज्यांना डबी देणार त्यांच्याकडून एका कागदावर गुप्ततेची सही घ्या. आणि वकिलाकडे जायच्या आधी स्वतः एक संध्याकाळ बसून पेटंटच्या वेबसाइटवर असल्या डब्या शोधा. बऱ्याच सापडतील. घाबरू नका, वाचा, प्रत्येकाने डबी भरायचा प्रश्न कसा सोडवलाय ते बघा, आणि कुणीच सोडवला नसेल तर मला जरूर कळवा.